गुप्तधन, काळा दगड आणि बाटल्यांचे बिल्ले

जमिनीखालचे धन हुडकण्याची साधने महाराष्ट्रात धातुशोधक यंत्र येण्याच्या पुष्कळ आधीपासून उपलब्ध होती, आणि त्यांची दखल घेतल्याशिवाय आजच्या यंत्रांच्या निवडीकडे वळणे अभ्यासाच्या शिस्तीला सोडून होईल. या साधनांत अग्रपूजेचा मान पायाळू माणसाचा आहे. जन्मताना ज्याचे पाय आधी बाहेर येतात तो पायाळू, आणि त्याच्या डोळ्यांत विशिष्ट अंजन घातले असता त्याला भूमीतील पाणी, धन आणि धनावर वेटोळे घालून बसलेला नाग असे सर्व काही क्रमाने दिसते, अशी लोकसमजूत आहे. या साधनाला बॅटरी लागत नाही, कोणत्याही मातीत ते चालते आणि खोलीची मर्यादा त्याला नाही. मात्र ते बाजारात मिळत नसून घरातच जन्मावे लागते, आणि पायाळूवर वीज पडते अशी दुसरी समजूत पहिलीइतकीच दृढ असल्यामुळे पावसाळ्यात त्याचा वापर जपून करावा लागतो.

दुसरे साधन पाणाड्याचे. हाताच्या तळव्यावर आडवा ठेवलेला नारळ आपोआप उभा राहणे, किंवा दोन्ही मुठींत धरलेली झाडाची बेचकी खाली झुकणे, ही त्याची खूण. अहिल्यानगर जिल्ह्याचा मोठा भाग पर्जन्यछायेत येत असल्याने येथे हा व्यवसाय आजही तग धरून आहे, आणि त्याची अचूकता कधीच खोटी ठरत नाही, कारण बोअर कोरडी गेली तर पाणी आणखी पन्नास फुटांवर असते. तिसरे साधन मांत्रिकाचे. पण तेथे चेष्टा पुरे होते. गुप्तधनाच्या लोभाने माणसे मारली गेली आहेत, आणि नरबळी, अघोरी प्रथा व जादूटोणा यांच्या विरोधातील महाराष्ट्राच्या २०१३ च्या कायद्याने धनाच्या शोधासाठी केलेल्या अघोरी कृत्यांना सहा महिन्यांपासून सात वर्षांपर्यंत कैदेची शिक्षा ठेवली आहे.

यंत्रयुगाची सुरुवात या तिन्ही साधनांपेक्षा अधिक यशस्वी झाली असे म्हणता येत नाही. १८८१ साली अमेरिकेचे अध्यक्ष जेम्स गारफील्ड यांच्या शरीरात अडकलेली गोळी शोधण्यासाठी टेलिफोनकर्ते अलेक्झांडर ग्रॅहॅम बेल यांनी एक विद्युत साधन घाईने तयार केले. पण डॉक्टरांनी त्यांना रुग्णाची उजवी बाजूच मुख्यतः तपासू दिली, गोळी निघाली डावीकडे, आणि गादीखालच्या धातूच्या स्प्रिंगांनीही यंत्राला चकवले, असे सांगितले जाते. पहिल्या दिवशी रिकाम्या हाताने परतणाऱ्या नवशिक्याने हे उदाहरण घरच्यांना सांगण्यासाठी पाठ करून ठेवावे.

यंत्राचे तत्त्व तसे सरळ आहे. दांड्याच्या टोकाला असलेल्या थाळीत, म्हणजे कॉइलमध्ये, तांब्याच्या तारेचे वेटोळे असते; त्यातून सेकंदाला हजारो वेळा दिशा बदलणारी वीज खेळवली की भोवती बदलते चुंबकीय क्षेत्र उभे राहते, त्या क्षेत्रामुळे मातीतल्या धातूत भोवऱ्यासारखे फिरणारे प्रवाह उत्पन्न होतात, आणि त्या प्रवाहांचे स्वतःचे क्षीण क्षेत्र थाळीतले दुसरे वेटोळे टिपून कानाला कळवते. धातूकडून उत्तर येण्यास जो सूक्ष्म विलंब लागतो त्यावरून लोखंड कोणते आणि तांबे-चांदी कोणती याचा अंदाज यंत्र बांधते, आणि या निवडीला डिस्क्रिमिनेशन म्हणतात.

या सरळ तत्त्वाला अहिल्यानगर जिल्ह्यात पहिला विरोध होतो तो जमिनीकडूनच. दख्खनचे पठार सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वीच्या लाव्ह्याने घडलेले असून त्या बेसॉल्टमध्ये, म्हणजे आपल्या नेहमीच्या काळ्या दगडात, मॅग्नेटाइट नावाचे लोहयुक्त चुंबकीय खनिज असते आणि त्या दगडाची झीज होऊन बनलेल्या काळ्या मातीतही ते उतरते. परिणामी क्षेत्रफळाने राज्यात सर्वांत मोठा असलेला हा जिल्हा यंत्राच्या दृष्टीने अकोले तालुक्यापासून जामखेडपर्यंत सलग एक अंधुक धातूच आहे. इंग्लंडच्या मऊ मातीत शांतपणे चालणारे स्वस्त यंत्र पारनेरच्या माळावर आणले की ते अखंड किंचाळू लागते, आणि विकत घेणाऱ्याला वाटते की पायाखाली निजामशाहीचा खजिना आहे. म्हणून नवशिक्याने पाहावयाचा पहिला गुण म्हणजे ग्राउंड बॅलन्स, अर्थात पायाखालच्या मातीचे उत्तर ओळखून ते वजा करण्याची सोय. ती ज्या यंत्रात कारखान्यातच कायमची ठरवून दिलेली असते ते यंत्र, त्याची पेटी कितीही देखणी असली तरी, दुकानातच राहू द्यावे.

दुसरा विचार थाळीचा. दोन वेटोळी इंग्रजी डी अक्षराच्या आकारात पाठीला पाठ लावून बसवलेली डबल-डी थाळी खनिजयुक्त मातीत अधिक स्थिर राहते, आणि आकाराने ती मोठी असेल तर खोल पाहते पण कचऱ्याच्या जागी गोंधळते, लहान असेल तर उलट. नाणे साधारणपणे थाळीच्या व्यासाइतक्या खोलीपर्यंत लागते हा ढोबळ नियम आहे, म्हणजे अकरा इंची थाळीला हातभर खोलीचेही नाणे लागण्याची शाश्वती नाही. हे वाक्य गावातल्या जाणत्यांसमोर उच्चारू नये, कारण त्यांच्या माहितीतील प्रत्येक हंडा किमान सात परस खाली असतो. तिसरा विचार वारंवारतेचा: पाच-सहा किलोहर्ट्झची कमी वारंवारता तांब्या-चांदीच्या मोठ्या वस्तूंना मानवते, वीस किलोहर्ट्झच्या आसपासची किंवा त्याहून जास्त वारंवारता सोन्याच्या बारीक कणाला, आणि एकाच वेळी अनेक वारंवारता वापरणारी नवी यंत्रे दोन्ही साधू पाहतात व किंमतही त्याच हिशेबाने लावतात. पल्स इंडक्शन नावाची निराळी जातही आहे, जी अखंड लहरीऐवजी विजेचे ठोके सोडते. तिला खनिजयुक्त मातीचा फारसा त्रास होत नाही, पण लोखंड आणि इतर धातू यांत ती जवळपास भेदभाव करत नाही.

आणि लोखंडाच्या बाबतीत हा जिल्हा श्रीमंत आहे. पहिला सहकारी साखर कारखाना प्रवरेच्या काठी १९५० मध्ये सुरू झाला, तेव्हापासून गाड्या, ट्रॅक्टर आणि ट्रॉल्या यांनी इथल्या शिवारात जे सांडले त्याची मोजदाद नाही. बैलांच्या नालांचे तुकडे, गाडीच्या चाकाची तुटकी धाव, कुळवाची झिजलेली पास, नांगराच्या फाळाचे टोक, बोअरच्या केसिंगची कापलेली कड आणि बोल्ट, बोल्ट, पुन्हा बोल्ट, हा कोणत्याही उसाच्या रानातला पहिल्या आठवड्याचा संग्रह होय. लोखंड गाळण्याचे बटण दाबले की उरतात सोड्याच्या बाटल्यांचे बिल्ले आणि गोळ्यांच्या पाकिटांची चंदेरी पट्टी. पैकी ॲल्युमिनियमचे उत्तर सोन्याच्या अंगठीच्या उत्तराशी इतके जुळते की पट्टी गाळणाऱ्याने अंगठीही गाळली असे समजावे. डोकेदुखीच्या गोळ्यांची पाकिटे जेथे सर्वांत जास्त सापडतात तेथे शोधक स्वतःच त्यांत भर घालत असतो, हा निष्कर्ष काढायला वेगळ्या संशोधनाची गरज नाही.

उपसाधनांपैकी हेडफोनला येथे जे महत्त्व आहे ते परदेशी पुस्तकांत आढळत नाही. तिकडे तो क्षीण आवाज शोधकाला ऐकू यावा म्हणून लावतात. इकडे तो इतरांना ऐकू जाऊ नये म्हणून लावावा लागतो. उघड्या रानात यंत्राने एकदा आवाज केला की बांधावर चार माणसे जमतात, दुसऱ्यांदा केला की वस्तीवर निरोप जातो, आणि संध्याकाळपर्यंत पारावर हंड्याचे वजन ठरून त्याच्या वाटणीवरून दोन भावकींत बोलणेही बंद झालेले असते. खणण्यासाठी परदेशी बनावटीचे दातेरी फावडे मागवण्याचे कारण नाही. आठवडे बाजारातले खुरपे पुरेसे आहे, आणि ते हाती असले की माणूस शेतात नेमके काय करतो आहे हे कोणी विचारत नाही.

ज्या यंत्रांची जाहिरात शंभर फुटांवरून सोने दाखवण्याची हमी देते, आणि ज्यांत प्रत्यक्षात मुठीवर फिरणारी एक तारच असते, त्यांच्याविषयी एकच दाखला पुरे. गोल्फचे हरवलेले चेंडू शोधण्याच्या एका गमतीच्या खेळण्यावरून बेतलेले एडीई-६५१ नावाचे साधन बॉम्बशोधक म्हणून इराकला विकले गेले, आणि ते विकणाऱ्या जेम्स मॅककॉर्मिक या ब्रिटिश व्यापाऱ्याला २०१३ साली दहा वर्षांची शिक्षा झाली. आपला पाणाड्या निदान नारळाचे पैसेच घेतो.

आता प्रश्न उरतो तो यंत्र कोठे फिरवावे याचा. अहिल्यानगरच्या किल्ल्याचे नाव अर्थातच प्रथम निघते, आणि त्याला आख्यायिकेचा आधारही आहे: १५९५-९६ च्या मोगल वेढ्यात तोफगोळे संपल्यावर चांदबिबीने तोफांत आधी तांब्याची, मग चांदीची, मग सोन्याची नाणी आणि शेवटी जडजवाहीर भरून डागले, असे दख्खनमध्ये सांगत आले आहेत. ही कथा खरी मानली तर मोगलांच्या छावणीची जागा हे भारतातील सर्वांत उत्तम धातुशोधनक्षेत्र ठरते, फक्त मोगल सैनिकांनी आपल्या अंगावर येणारे सोने वेचले नाही एवढे गृहीत धरावे लागते. किल्ला आज लष्कराच्या ताब्यात आहे, आणि तेथे थाळी फिरवत जाणाऱ्याचाच शोध लष्कर आधी लावील. खारे कर्जुने परिसरातील के. के. रेंज या लष्करी सराव क्षेत्राच्या आसपास तर यंत्र नेऊच नये. तेथे मातीखालचा धातू न फुटलेला तोफगोळाही असू शकतो, आणि भंगारासाठी असे गोळे उचलणे हा जिवाशी खेळ आहे. शनिशिंगणापूरला, जेथे घरांना दारे नसण्याची परंपरा आहे आणि २०११ साली युको बँकेनेही बिनकुलपाची शाखा उघडली, तेथे धन पुरण्याची गरज कोणाला पडली असेल हे सांगणे कठीण.

जुन्या गावाच्या पांढरीचे, म्हणजे पिढ्यान्‌पिढ्यांच्या वस्तीने उंचावलेल्या फिकट मातीच्या टेकाडाचे, आकर्षण सर्वांत मोठे असते, आणि नेमके तेथेच यंत्र फिरवणे सर्वांत वाईट. पुरातत्त्वाला वस्तूपेक्षा तिचा थर महत्त्वाचा असतो. नाणे कोणत्या खापराशेजारी, कोणत्या चुलीखाली पडले होते यावरून काळ ठरतो, आणि खुरप्याने उपसलेल्या नाण्याला फक्त वजन उरते. जोर्वे आणि नेवासे येथे पुरातत्त्वज्ञ हसमुख सांकलिया व त्यांच्या सहकाऱ्यांनी १९५० च्या दशकात केलेल्या उत्खननांमुळेच या जिल्ह्यातल्या जोर्वे या एका गावाचे नाव अख्ख्या ताम्रपाषाणयुगीन संस्कृतीला मिळाले.

यंत्रधारकांना खट्टू करणारी घटना मात्र श्रीरामपूर तालुक्यातील दायमाबादची आहे. तेथे १९७४ साली भिल्ल समाजातील एक शेतकरी झुडपाचे मूळ खणत असताना त्याला कांस्याच्या चार भरीव मूर्ती लागल्या: बैलजोडी जुंपलेला रथ व त्यावर उभा सारथी, हत्ती, रेडा आणि गेंडा, मिळून साठ किलोंच्या वर. अनेक विद्वान त्यांना उत्तर हडप्पाकालीन मानतात, काळाविषयी मतभेद आहेत, पण शोधाच्या साधनाविषयी नाहीत. ते जळण काढण्याचे होते. इंग्लंडमधील हॉक्सनच्या १९९२ च्या ठेव्यात यंत्राला थोडे श्रेय जाते, तेही अपघाताने, कारण एका शेतकऱ्याचा हरवलेला हातोडा शोधून द्यायला गेलेल्या मित्राला सुमारे पंधरा हजार रोमन नाणी मिळाली. हातोडाही मिळाला, तो आता ब्रिटिश म्युझियममध्ये आहे.

काही मिळालेच, तर १८७८ चा निखात निधी अधिनियम लागू होतो. जमिनीत दडवलेली, दहा रुपयांहून अधिक मोलाची कोणतीही वस्तू सापडली की तिचे स्वरूप, किंमत, जागा आणि तारीख जिल्हाधिकाऱ्यांना लेखी कळवावी लागते व वस्तू सरकारी कोषागारात जमा करावी किंवा तारण द्यावे लागते. मग जाहीर सूचना निघते, हक्क सांगणाऱ्यांसाठी चार ते सहा महिन्यांनंतरची तारीख ठरते, आणि कोणीच मालक निघाला नाही तर, वेगळा करार नसल्यास, तीन चतुर्थांश वाटा शोधणाऱ्याचा व एक चतुर्थांश जमीनमालकाचा होतो. सरकारला वस्तू हवी असेल तर धातूची किंमत अधिक तिचा पाचवा हिस्सा देऊन ती घेता येते. लपवणाऱ्याला एक वर्षापर्यंत कैद. दहा रुपयांची मर्यादा व्हिक्टोरिया राणीच्या काळची असल्यामुळे कोणी वीस रुपयांचे नवे नाणे मातीत दडवून ठेवले असेल, तर काटेकोर वाचनाने त्याचीही फाइल उघडावी लागेल. जिल्हाधिकारी कार्यालयातील लिपिकाची मुद्रा पाहण्यासाठी कोणी हा प्रयोग करू नये.

तेव्हा नवशिक्याने हाताने जुळवता येणारा ग्राउंड बॅलन्स आणि लहान डबल-डी थाळी असलेले मध्यम किमतीचे यंत्र घ्यावे, मालकाची लेखी संमती खिशात ठेवावी, उन्हाळी नांगरट झालेले साधे शेत निवडावे, आणि शेजाऱ्याची रानात पडलेली अंगठी किंवा पाणीपुरवठ्याचा मातीखाली गेलेला व्हॉल्व्ह शोधून देण्यापासून आरंभ करावा. या कामांत यश लवकर येते आणि चहाही मिळतो. ज्याची ऐपत तेवढी नाही त्याने जुन्या स्पीकरमधले चुंबक सुतळीला बांधून नदीच्या पुलाखाली ओढावे, कारण गेल्या काही दशकांतली आपली बरीचशी नाणी चुंबकाला चिकटणाऱ्या पोलादाची आहेत. शिवराई हे जुने नाणे तांब्याचे असल्याने चुंबकाला चिकटत नाही.