डिकीत काहीतरी सुटलंय

मेटालिका या हेवी मेटल बँडचा चाहता असणं सोपं आहे. ‘मास्टर ऑफ पपेट्स’ आवडतो म्हणायला काय जातंय? कसोटी लागते ती 2003 च्या ‘सेंट अँगर’ या आल्बमपाशी. त्याच्या बाजूने मी इतकी वर्षं भांडतोय, की तो आपल्याला आवडतो का, हे तपासायला सवडच मिळालेली नाही. गिटारचा एकही सोलो नाही? त्याला संयम म्हणतात. 11 गाण्यांना 75 मिनिटं? ऐसपैस आहेत. शिवाय शीर्षकगीताला ग्रॅमी मिळालंय, ते काय उगाच?

ड्रमपाशी मात्र माझी वकिली अडते. स्नेअर ड्रमच्या खालच्या पडद्याला तारा टेकलेल्या असतात. त्यांच्यामुळे तो कोरडा, कडक वाजतो. ड्रमर लार्स उलरिखने त्या तारा सोडून ठेवल्या आणि अख्ख्या आल्बमभर मोरीतलं पिंप बडवल्यासारखं ‘टण्ण’ वाजत राहिलं.

आता हा आल्बम साताऱ्याच्या लग्नाला निघालेल्या गाडीत, शेजारी सासरे बसलेले असताना लावायची गरज होती का? नव्हती. पण मी लावला, आणि जावयाला शोभेल अशा हळू आवाजात लावला. तिथेच घात झाला. हळू आवाजात गिटार, बेस सगळं रस्त्याच्या घरघरीत बुडालं. वर उरलं ते फक्त टण्ण.

सासऱ्यांची हयात पिंपरीच्या एका कारखान्यात, तपासणी विभागात गेलेली. खेड शिवापूरचा टोलनाका ओलांडताच त्यांनी कान टवकारले.

“जावईबापू, डिकीत काहीतरी सुटलंय.”

“बाबा, ते गाणं आहे,” एवढंच म्हणायचं होतं. पण ते कसं म्हणणार? एवढ्या वर्षांचा युक्तिवाद एका वाक्यात बुडाला असता. मी म्हणालो, “जॅक असेल.” मागच्या सीटवर बायकोने पदर तोंडाला लावला.

शिरवळला त्यांनी गाडी गॅरेजला घ्यायला लावली. मी किल्ली फिरवली, इंजिन बंद, टेपही बंद. “बघा!” सासरे म्हणाले. “इंजिन थांबलं की आवाज थांबतो.” यावर मी काय बोलणार? स्टेपनी निघाली, जॅक निघाला, आहेराची पातेली रस्त्यावर मांडली गेली. मेकॅनिकने गाडी चालू करायला सांगितलं आणि बॉनेटमध्ये डोकं घातलं. टण्ण. डोकं बाहेर काढलं, डिकीत घातलं. टण्ण. मग तो माझ्या खिडकीतून आत वाकला, टेपचं बटण दाबलं आणि म्हणाला, “काका, गाडी ओके आहे.” पैसे घेतले नाहीत. ते जास्त लागलं.

साताऱ्यापर्यंत सासरे अक्षर बोलले नाहीत. लग्नात जेवताना मात्र विचारलं, “मुद्दाम केलंय त्यांनी ते?”

हा प्रश्न मला बरा वाटला. पुढे एका रविवारी मी त्यांना ‘सम काइंड ऑफ मॉन्स्टर’ दाखवला. याच आल्बमच्या जन्मकळांवरचा 2004 चा माहितीपट. 2001 मध्ये बेसवाला जेसन न्यूस्टेड बँड सोडतो, गायक जेम्स हेटफिल्ड व्यसनमुक्तीसाठी निघून जातो, परततो तो दुपारी बारा ते चार एवढंच काम करायच्या अटीवर. बेस वाजवायला कुणी नाही म्हणून निर्माता बॉब रॉकच तो गळ्यात अडकवतो. मला वाटलं होतं, ते कंटाळतील. ते खुर्ची पुढे ओढून बसले. “कामगार सोडून गेला, मुख्य कारागीर आजारी, सुपरवायझर मशीनवर,” ते पुटपुटले. “असा माल आम्ही पास केला नसता.”

मग भांडणं मिटवायला आणलेला समुपदेशक पडद्यावर आला. त्याची फी किती, त्यांनी विचारलं. मी सांगितलं, महिन्याला 40,000 डॉलर.

“आणि त्या तारांकडे कुणीच बघितलं नाही?”