मेजरांची थ्री नॉट थ्री

एकलहऱ्यात मेजरांचं घर कुणीही दाखवतं, आणि मेजर एक दिवसही सैन्यात नव्हते हेही सगळ्यांना ठाऊक असतं. ते औष्णिक वीज केंद्राच्या स्टोअरमध्ये होते. बेअरिंग, गॅस्केट, नटबोल्ट यांच्या आवक-जावक नोंदी करण्यात नोकरी सरली. मेजरकी आली ती वडिलांच्या पश्चात. धाकट्या भावाला मळ्याचा तुकडा गेला, बहिणींनी हक्कसोड लिहून दिली आणि थोरल्याच्या वाट्याला लोखंडी कपाटातली थ्री नॉट थ्री आली. भाऊ म्हणतो वाटणी चोख झाली. मेजरही तेच म्हणतात. दोन्ही भावांना आपणच जिंकलो असं वाटणारी नाशिक तालुक्यातली ही बहुधा एकमेव वाटणी.

वारशाची बंदूक ही माणसाला चालायला शिकवते. परवाना नावावर होईपर्यंत मेजर तुमच्या-आमच्यासारखे खांदे पाडून चालत. नंतर पाठ ताठ झाली, मिशीला पीळ आला. चहाच्या टपरीवर ते "दोन कटिंग" म्हणत नाहीत, हुकूम सोडतात. नातवाला शाळेच्या बसपर्यंत सोडतात तेव्हा रस्ता ओलांडण्याआधी डावीकडे-उजवीकडे असं काही बघतात की समोर पिंप्रीकडे जाणारा रस्ता नसून सरहद्द असावी. एवढं करून त्या बंदुकीतून त्यांनी आजवर गोळी उडवलेली नाही. वडिलांनीही नाही. घरात काडतूस नाही आणि बाजारात मागून मिळणारं नाही.

पण गोष्ट होती. आजोबांनी ही बंदूक मेसोपोटेमियात चालवली, कुतच्या वेढ्यात घोड्याचं मांस खाऊन तुर्कांना रोखून धरलं आणि येताना ती बरोबर आणली, अशी. वेढा खराच पडला होता. १०३वी, ११०वी आणि ११७वी मराठा पलटण त्यात अडकली होती, आणि २९ एप्रिल १९१६ला कुतच्या फौजेने शरणागती पत्करली. शरण गेलेला शिपाई आपली बंदूक घरी कशी आणेल, हा प्रश्न टपरीवर कुणी विचारला नाही. चहा मेजर पाजत.

देवळालीच्या बाजूला एक निवृत्त आर्मरर राहतात. हयातभर पलटणीच्या बंदुका खोलून, पुसून, मोजून परत जोडण्यात त्यांचे डोळे अधू झाले, बोटं मात्र नाहीत. "काकांना एकदा दाखवू, किंमत तरी कळेल," असा मेजरांच्या जावयाचा आग्रह. मोबाइलवर कुठल्याशा परदेशी लिलावाचा आकडा वाचल्यापासून तो सासऱ्यांना पाण्याचा पेलासुद्धा दोन हातांनी देऊ लागला होता. एका रविवारी काका आले. आधी परवाना मागितला, वाचला, "हं" म्हणाले आणि घडी घालून बाजूला ठेवला. त्या "हं"कडे तेव्हा कुणी लक्ष दिलं नाही.

मग त्यांनी बोल्ट काढून खिडकीपाशी नेला. बोल्टच्या मुठीमागचा नंबर आणि बंदुकीवरचा नंबर एकच निघाला. "जोडी मूळची आहे," काका म्हणाले. मेजरांची छाती दोन बोटं फुगली. दस्त्याच्या गळ्याशी पोलादी कडं असतं, त्याच्या उजव्या अंगाला मुकुट होता आणि खाली इंग्रजी अक्षरं.

"जीआर," मेजर अभिमानाने म्हणाले. "सरकारी जीआर आहे यावर."

महाराष्ट्रात ज्याने नोकरी केली त्याला जीआर म्हणजे शासन निर्णय याखेरीज काही सुचणं कठीण. काकांनी शांतपणे तिसरं अक्षर दाखवलं. जीआरआय, म्हणजे राजा आणि सम्राट जॉर्ज. त्याखाली इशापूर, बंगालमधला सरकारी रायफल कारखाना. आणि त्याखाली साल, १९४२.

खोलीत जरा शांतता झाली. १९१६च्या वेढ्यात १९४२ची बंदूक नेणं आजोबांच्या शौर्यातही बसत नव्हतं. शिवाय हिशेब केला तेव्हा वेढ्याच्या वेळी आजोबा अकरा वर्षांचे भरले. पण स्टोअरकीपर माणूस, एका रजिस्टरातली नोंद दुसऱ्यात फिरवणं हा त्याच्या हातचा मळ. चहा येईपर्यंत आजोबा मेसोपोटेमियातून निघून इटलीत उतरले होते. तिथे मराठा पलटणी होत्याच. यशवंत घाडग्यांना १९४४मध्ये मरणोत्तर व्हिक्टोरिया क्रॉस तिथल्याच लढाईसाठी मिळाला. आजोबा त्यांच्या शेजारच्या खंदकात होते, असं मेजरांना आठवू लागलं.

काकांनी नळी उजेडाकडे धरली आणि मेजरांना आत बघायला सांगितलं.

"काय दिसतं?"

"आरशासारखी साफ आहे."

"तेच तर. थ्री नॉट थ्रीच्या नळीत आतून पिळाच्या खाचा असतात. पाच, डावीकडे वळणाऱ्या. त्यांनी गोळी फिरते आणि सरळ जाते. इथे एकही खाच नाही. आणि हे बघा." त्यांनी दहा गोळ्यांच्या मॅगझिनच्या जागी नखाने टकटक केली. आवाज लाकडाचा आला. आत ठोकळा बसवलेला होता.

थ्री नॉट थ्रीच्याच सांगाड्यावर नळी गुळगुळीत करून, मॅगझिन बुजवून, एका वेळी एकच काडतूस घेणारी पॉइंट चार-दहाची मस्केट इशापुरात तयार करत. पोलीस, तुरुंग आणि पहारेकरी यांच्यासाठी. रखवालदाराच्या हाती लढाईची रायफल पडली, तर ती उद्या कुणावर रोखली जाईल याचा भरवसा इंग्रजांना नव्हता. हत्यार दिल्यासारखं दिसावं आणि दिलं जाऊ नये, यात त्या सरकारचा हात कुणी धरला नसता.

मेजरीणबाई दारातूनच म्हणाल्या, "अहो, आजेसासरे पेढीवर रखवालीला होते असं सासूबाई सांगायच्याच की." एवढं बोलून त्या पोहे टाकायला आत गेल्या. चाळीस वर्षांच्या संसारात इतका अचूक नेम त्यांनी प्रथमच धरला असावा.

मग काकांनी तो परवाना पुन्हा उलगडला. हत्याराच्या वर्णनात ठळक अक्षरांत 'मस्केट' लिहिलेलं होतं. आजोबांच्या परवान्यावर होतं, वडिलांच्या होतं, मेजरांच्या होतं. घरात सर्वांनी ते वाचलं होतं, आणि दोन पिढ्या एकच खुलासा चालत आला होता: कारकुनाची चूक. सरकारी कागदावर विश्वास नसणं समजू शकतं. पण ज्या माणसाने आयुष्यभर स्वतः सरकारी कागद भरले त्याने कारकुनाला इतकं कमी लेखावं, हे मला बरं वाटलं नाही.

जावयाने किमतीचा विषय काढला. काका म्हणाले, परवानाधारकाखेरीज कुणाला विकता येणार नाही, देशाबाहेर तर विचारच नको. तो दोन घास पोहे खाऊन कामाच्या निमित्ताने निघाला.

आणि इथेच मेजर मला आवडतात. दुसऱ्या कुणी ती मस्केट कपाटात ढकलून कपाटाची किल्ली हरवली असती. मेजरांनी नवीन रजिस्टर आणलं आणि काकांना विचारलं, "आता निगा कशी राखायची ते सांगा." काकांनी आधी गुन्हे मोजले. जावयाने दस्ता पॉलिश पेपरने घासून वर चमकणारं वॉर्निश चढवलेलं. "लाकडावरचे शिक्के गेले. जन्मदाखला खरवडलात." बंदूक ठेवायला रेक्झिनचं अस्तर लावलेलं कव्हर शिवलेलं. ते आत ओल धरतं. खंडेनवमीला नळीवर हळद-कुंकवाची बोटं ओढून झेंडू बांधलेला, आणि दर वर्षी त्याच जागी गंजाचे पाच ठिपके.

शिवाय एकलहऱ्याचा स्वतःचा एक रोग आहे. वीज केंद्राची राख. बारीक, न दिसणारी. तेलाने ओथंबलेल्या पोलादावर ती बसते आणि पुसताना तिचाच पॉलिश पेपर होतो. म्हणून पोलादावर तेलाचा नुसता हात फिरवायचा, तेही आधीचं मऊ फडक्याने पूर्ण टिपून. लाकडाला जवसाचं तेल, थेंब-थेंब, तळहाताने जिरवून. ठेवताना नळीचं तोंड थोडं खाली, म्हणजे तेल दस्त्यात उतरून लाकूड कुजवत नाही. काकांनी दस्त्याच्या टोकाची पितळी झडप उघडली, तेव्हा आत पितळेची तेलाची कुपी आणि नळीतून चिंधी ओढायची दोरी निघाली. तीन पिढ्या बंदूक मिरवली, पण ती झडप कुणी उघडली नव्हती.

आता रजिस्टरात दर पंधरवड्याची नोंद असते. २०२४ साली मे आणि नोव्हेंबर अशा दोन्ही निवडणुकांत मस्केट ठाण्यात जमा झाली, दोन्ही वेळा मेजरांनी पावतीवर नंबर तपासून घेतला आणि 'वस्तू सुस्थितीत' असं स्वतःच्या हाताने रजिस्टरात लिहिलं. खंडेनवमीला पूजा परवान्याची होते. बंदूक पाटावर, कुंकू कागदावर.

मेजरकीचं काय झालं म्हणाल, तर ती वाढली. मेजरांनी शस्त्र नियम वाचून काढले. त्यांच्या पहिल्या अनुसूचीत लष्करी थ्री नॉट थ्री रायफल ज्या ओळीत आहे, तिथेच पॉइंट चार-दहाची मस्केट आहे. दोन्हींवर सारखीच कडक नजर. "कायद्याने आम्ही रायफलीच्याच पंगतीला," असं ते हल्ली टपरीवर सांगतात. चहा अजून तेच पाजतात.

तुमच्याही माळ्यावर, जुन्या ट्रंकेत असं काही असेल तर जावयाला पॉलिश पेपर आणायला धाडू नका आणि फोटो काढून गटांवर टाकू नका. परवानाधारक वारला असेल तर हत्यार आधी पोलीस ठाण्यात किंवा अधिकृत शस्त्रविक्रेत्याकडे जमा करा आणि पावती घ्या. वारसाच्या नावाने अर्ज नंतर करता येतो. धारक हयात असेल आणि त्याचं वय सत्तर झालं असेल, किंवा हत्यार त्याच्याकडे पंचवीस वर्षं असेल, तर २०१६च्या नियमांप्रमाणे तो जिवंतपणीच वारसाच्या नावाने मागणी करू शकतो. लाकडाला तेल मात्र जवसाचंच घ्या, आणि थोडंच.