मरणोत्तर मान्यता

गोपाळ गणेश आगरकर १८९५ साली वारले. पुण्याच्या सनातन्यांना मात्र तेवढी वाट पाहवली नाही. त्यांनी आगरकरांची प्रेतयात्रा ते हयात असतानाच काढून टाकली. विचार करणाऱ्या माणसाची अशी आगाऊ सोय करण्यात आपला हात कोण धरणार! आता दहावीच्या निबंधात आगरकर ‘थोर समाजसुधारक’ असतात. त्यांना आता उलट उत्तर देता येत नाही, ही थोरपणाची पहिली अट.

विद्वानांचा राग लोकांना उगीच येतो असेही नाही. ज्यांनी पिढ्यान्‌पिढ्या पोथी सोवळ्यात ठेवली, तेच पुढे ‘लोकांना वाचनाची गोडी नाही’ म्हणून उसासे टाकू लागले. जोतीराव फुल्यांनी १८८२ मध्ये हंटर शिक्षण आयोगापुढे हीच तक्रार मांडली: सरकार कर घेते शेतकऱ्याकडून आणि खर्च करते वरच्यांच्या उच्च शिक्षणावर. पण फुल्यांना शाळा जास्त हव्या होत्या, ग्रंथालय फोडायचे नव्हते. आपल्याला दुसरा मार्ग सोपा वाटला. जानेवारी २००४ मध्ये एका परदेशी लेखकाच्या शिवचरित्रावरचा राग काढायला जमाव पुण्याच्या भांडारकर प्राच्यविद्या संशोधन संस्थेत घुसला. पुस्तक तिथे लिहिलेले नव्हते. लेखकाने आभार तेवढे मानले होते. आभाराचे पान वाचणारा जमाव विरळाच. त्याच्यापुढची पाने किती जणांनी वाचली होती, हे विचारायला मात्र त्या दिवशी संस्थेत कोणाला सवड नसावी.