मागच्या डाव्या व्हील सिलिंडर साहेबांना अनावृत पत्र

प्रति,
मा. व्हील सिलिंडर साहेब,
मागचे डावे चाक, प्रीमियर पद्मिनी,
मुक्काम : सोसायटीचे कंपाउंड, ताडपत्रीखाली.

विषय : जागा सोडण्याबाबत.

महोदय,

आपल्या आस्थापनेवरील पिस्टन गेले काही पावसाळे जागचे हललेले नाहीत, अशी गाडीच्या मालकांची तक्रार आहे. ब्रेक दाबला तेव्हा ते कर्तव्यदक्षतेने बाहेर आले, त्यांनी शू ड्रमला टेकवले आणि परत जायचे राहून गेले. आता चौघांनी ढकलले तर तीन चाके फिरतात आणि चौथे, म्हणजे आपले, फरशीवर काळा पट्टा ओढत मागून येते.

आपली बाजू ऐकून न घेता कारवाई करणे बरे दिसणार नाही, म्हणून आधी तीच मांडलेली बरी. ब्रेक ऑइल हे ग्लायकॉलच्या जातीचे रसायन आहे. ते हवेतला ओलावा ओढून घेते, आणि मुंबईच्या हवेत त्याला ओढायला काय कमी? ताजे डॉट ३ किमान २०५ अंशांपर्यंत उकळत नाही. त्यात ३.७ टक्के पाणी मुरले की हा आकडा १४० अंशांपर्यंत खाली येऊ शकतो. घाटातल्या उतारावर ब्रेक तापले असताना पेडल अचानक पोकळ लागते, त्यामागे बऱ्याचदा हेच पाणी असते. गाडी उभीच असेल तर ते ऑइलबरोबर आपल्या दालनात मुक्कामाला राहते. बिडाच्या भिंतीला गंज चढतो, अ‍ॅल्युमिनियमच्या पिस्टनवर पांढरी पूड धरते आणि दोघांची गट्टी जमते. ऑइल दर दोन वर्षांनी बदलले असते तर ही वेळ बहुधा आली नसती. पण इंजिन ऑइलचा हिशेब डायरीत लिहून ठेवणारे मालकही ब्रेक ऑइल एकदा भरले की जन्माचे भरले, असे समजतात. तेव्हा दोष एकट्या आपला नाही.

शिवाय खरा आरोपी दुसराच असू शकतो. जाणता मेकॅनिक हातोडी उचलण्याआधी चाक जॅकवर घेतो आणि आपल्या मागचा, ब्रेकमधली हवा काढायचा निपल अर्धा फेरा सैल करतो. ऑइलची चिळकांडी उडून चाक मोकळे झाले, तर आपण निर्दोष. दाब वर कुठेतरी अडकला आहे : रबरी होज आतून फुगून ऑइल जाऊ देतो पण परत येऊ देत नाही. निपल सोडूनही चाक हलले नाही, तर संशयित तीनच उरतात : आपण, ड्रमला चिकटलेले शू आणि हँडब्रेकची केबल. ही एवढी तपासणी न करता थेट नवे सिलिंडर शोधायला निघणारे मालक पुष्कळ आहेत. त्यांच्या उत्साहावर अनेक दुकाने चालली आहेत.

आपल्यावर बेदखलीची नोटीस बजावायची वेळ आलीच, तर तिची पद्धत ठरलेली आहे. शूचे अ‍ॅडजस्टर मागे घ्यायचे, गंज सोडवणारे तेल मारून रात्रभर ठेवायचे, ड्रमच्या कडेवर चहूबाजूंनी लाकडी हातोडीने ठोकायचे. घाईने लोखंडी घण घातला की बिडाचा ड्रम तडकतो, आणि त्याचा जोडीदार शोधणे आपल्यापेक्षा अवघड. ड्रम निघाला की आतली धूळ फुंकायची नाही किंवा हवेने उडवायची नाही. जुन्या लायनरमध्ये अ‍ॅस्बेस्टॉस असायचे, त्यामुळे ती ओल्या फडक्यानेच पुसायची. पिस्टन उपटायला सगळ्यात चांगला उपाय गाडीचे स्वतःचे पेडल. तेही हरले तर सिलिंडर उतरवून निपलच्या जागी जोडणी बसवायची आणि ग्रीस गनने रेटायचे. ग्रीसचा दाब प्रचंड असतो, पण पिस्टन सावकाश येतो. कॉम्प्रेसरची हवा लावली, तर तो गोळीसारखा सुटतो आणि समोर कोण उभे आहे ते पाहत नाही.

पुसायला पेट्रोल किंवा साधे इंजिन ऑइल मात्र नको. आपल्या रबरी कपांना ते सोसत नाही. ते फुगतात आणि आपण पुन्हा जाम.

इथवर धातूचा प्रश्न होता. यापुढे बाजाराचा.

पद्मिनी कुर्ल्याच्या प्रीमियर कारखान्यात तयार होई, आणि आज तिचे सुटे भाग शोधणाराही कुर्ल्याच्या भंगार गल्ल्यांतच फिरतो. जन्म आणि अंत्यविधी एकाच उपनगरात. मधल्या काळात तिला जगवले ते काळ्या-पिवळ्या टॅक्सीने. हजारो टॅक्सी रोज धावत होत्या, तोवर आपल्यासारखे सिलिंडर आणि रबर किट कोपऱ्यावरच्या दुकानातही मिळत. दिवसभर दादर ते फोर्ट ब्रेक दाबत जाणाऱ्या गाडीत पिस्टनला गंज चढायला सवडही नव्हती. २००८ मध्ये टॅक्सींना २५ वर्षांची वयोमर्यादा लागली, २०१३ मध्ये ती २० वर आली. २९ ऑक्टोबर २००३ रोजी ताडदेवला नोंदलेली शेवटची पद्मिनी टॅक्सी २०२३च्या ऑक्टोबरअखेर रस्त्यावरून उतरली. त्या दिवशी लोकांनी फोटो काढले. आपले भाऊबंद ठेवणाऱ्या दुकानदारांनी काय काढले, ते कोणी विचारले नाही. मारुती ८००चे उत्पादन २०१४ मध्ये थांबले, तरी तिच्या भागांची वानवा नाही, कारण ती अजून रस्त्यावर दिसते.

आता कुर्ला, ऑपेरा हाउस किंवा पुण्याच्या नाना पेठेत चौकशी करणाऱ्याला दोन प्रकारची उत्तरे मिळतात. पहिले : ‘जुना स्टॉक आहे, पेटीबंद.’ पेटी खरी, आतला माल खरा, पण कप तीन-चार दशकांपूर्वीचे. धातू टिकतो, रबर नाही, म्हणून पेटीबंद सिलिंडरलाही कप नवे घालावे लागतात. दुसरे उत्तर जास्त धोक्याचे : ‘दुसऱ्या गाडीचं बसतंय, थोडं घासा.’ बसते, हे खरे. पण पाऊण इंची बोअरच्या जागी सात-अष्टमांश इंची आले, तर पिस्टनचे क्षेत्रफळ ३६ टक्क्यांनी वाढते. ब्रेक ऑइलचा दाब तोच राहून त्या चाकावरचा जोर तितकाच वाढतो, आणि ओल्या रस्त्यावर ते चाक बाकीच्यांच्या आधी लॉक होते. तेव्हा बदली उमेदवारापेक्षा आपलीच पुनर्नियुक्ती बरी. चांगला लेथवाला बोअर वाढवून आत पितळेची किंवा स्टेनलेस स्टीलची स्लीव्ह बसवतो आणि मूळ माप परत आणतो. खर्च होतो, पण पुढे गंजायला बीड उरत नाही.

सरकारनेही आपली दखल घेतली आहे. २०२१च्या नियमांप्रमाणे ५० वर्षांहून जुन्या, मूळ रूप राखलेल्या गाडीला व्हिंटेज म्हणून ‘व्हीए’ अक्षरांची नंबरप्लेट मिळते. पद्मिनी हे नाव १९७४ सालचे, म्हणजे पहिल्या पद्मिनी वयात आल्या. फक्त एक अट आहे : अशी गाडी प्रदर्शन, रॅली, तांत्रिक संशोधन, इंधन भरणे आणि दुरुस्ती एवढ्यासाठीच रस्त्यावर आणायची, रोजच्या वापरासाठी नाही. म्हणजे उभे राहून जाम व्हायचे आणि मग दुरुस्तीसाठी बाहेर पडायचे, हे सगळे नियमात बसते. इतर मालकांना नियमाचीही गरज लागत नाही. दसऱ्याला झेंडूचा हार घालून सोसायटीला एक फेरी मारली की त्यांची पद्मिनी पुढच्या दसऱ्यापर्यंत ताडपत्रीखाली.

तरी पत्र मिळताच जागा सोडावी, ही विनंती. न सोडल्यास ग्रीस गन येत आहे.

कळावे,
आपला,
तीन चाकांवर उभा असलेला मालक

प्रत माहितीसाठी : हँडब्रेकची केबल, त्याच गाडीत. आपणही गंजाच्या वाटेवर असल्याचे कळते. पावसाळ्यात गाडी उभी करताना आपल्याला ओढून ठेवले जाणार नाही. गाडी गियरमध्ये राहील आणि चाकामागे वीट लावली जाईल. वीट सोसायटीच्या वॉचमनने उचलून नेल्यास त्याबाबत स्वतंत्र पत्रव्यवहार करण्यात येईल.