निलंबन सहा वर्षांचं, आमदारकी पाच वर्षांची

अमरावतीत राजापेठेच्या मागच्या गल्लीत आमचा एक कार्यकर्ता मित्र राहतो. डॉ. सुनील देशमुखांचा माणूस. परवा त्याच्याकडे गेलो तर वहिनी वलणीवर दुपट्टे वाळत घालत होत्या. पहिला तिरंगी, दुसरा भगवा-हिरवा, तिसरा कोरा पांढरा.

"वहिनी, आता कोन्ती निवडणूक लागली?"

"निवडणूक नाही जी, कपाट साफ करून राह्यली. हे एक दुपट्टा घालतेत, पन दुसरा फेकू देत नाहीत. म्हनतेत, राहू दे, कवा लागन सांगता येते काय?"

तेवढ्यात मित्र आतून ओरडला, "पांढऱ्याची घडी नीट घाल. तो अपक्षाचा हाय!"

अमरावती विधानसभा मतदारसंघाचा पंचवीस वर्षांचा इतिहास त्या एका दोरीवर वाळत होता.

डॉक्टरसाहेबांचा हिशेबच मांडू. १९९९ मध्ये ते काँग्रेसच्या पंजावर उभे राहिले आणि १९९० व १९९५ असे दोनदा निवडून आलेले भाजपचे जगदीश गुप्ता पडले. २००४ मध्ये पुन्हा पंजा, पुन्हा विजय, वर राज्यमंत्रिपद. इथवर गोष्ट सरळ होती. २००९ मध्ये तिला फाटा फुटला. प्रतिभाताई पाटील तेव्हा राष्ट्रपती होत्या आणि त्यांचे चिरंजीव रावसाहेब शेखावत यांना विधानसभेत जायचं होतं. वडील देवीसिंह शेखावत १९८५ मध्ये इथूनच आमदार झालेले, पुढे अमरावतीचे पहिले महापौर. तेव्हा जागा घरचीच. मंत्री असलेल्या आमदाराचं तिकीट कापलं गेलं. डॉक्टर अपक्ष उभे राहिले, पक्षाने त्यांना बाहेर काढलं आणि साडेपाच हजारांच्या आसपास मतांनी ते पडले. पांढरा दुपट्टा त्या वर्षीचा.

मग त्यांनी शहरात आपली आघाडी काढली. नाव काय? जनविकास काँग्रेस. घर सोडलं तरी आडनाव सुटत नाही ते असं.

२०१४ मध्ये त्यांनी भाजपचं कमळ हाती घेतलं आणि त्याच शेखावतांना पस्तीस हजारांनी हरवलं. २०१९ मध्येही कमळच, पण या वेळी समोर सुलभाताई खोडके होत्या. पंजा त्यांच्याकडे होता. डॉक्टर अठरा हजारांनी पडले. जून २०२१ मध्ये ते काँग्रेसमध्ये परतले. २०२४ मध्ये पंजा पुन्हा त्यांच्या हातात आला, समोर पुन्हा सुलभाताईच, फक्त आता त्यांच्याकडे राष्ट्रवादीचं घड्याळ होतं. डॉक्टर पुन्हा पडले, पाच हजार चारशेंनी.

बेरीज करा. सहा लढती, तीन विजय, तीन पराभव. तीनदा पंजा घेऊन लढले, तीनदा पंजाविरुद्ध लढले. इतका समतोल राज्याच्या अर्थसंकल्पातही नसतो.

आता या काळात ज्याने दर वेळी निमूट पंजाचंच बटण दाबलं, त्या जुन्या काँग्रेसवाल्या आजोबांचा विचार करा. १९९९ ला त्यांनी डॉक्टरांना निवडलं, २००४ ला निवडलं, २००९ ला पाडलं, २०१४ ला पाडायचा प्रयत्न केला, २०१९ ला पाडलं आणि २०२४ ला निवडायचा प्रयत्न केला. आजोबांचं बोट जागचं हललं नाही. डॉक्टरच येऊन जाऊन होते.

सुलभाताईंची गोष्ट याहून कमी वळणाची नाही. २००४ मध्ये त्या राष्ट्रवादीच्या घड्याळावर बडनेऱ्याच्या आमदार झाल्या. २००९ मध्ये तिथे अपक्ष रवी राणांनी त्यांना हरवलं. २०१४ मध्ये राष्ट्रवादीने लोकसभेचं तिकीट रवी राणांच्या पत्नी नवनीत राणांना दिलं. ज्यांनी आपल्याला हरवलं त्यांच्याच घरात तिकीट गेल्यावर खोडकेंच्या घरात शांतता कशी राहणार? सुलभाताईंचे पती संजय खोडकेंनी उघड विरोध केला आणि राष्ट्रवादीने त्यांना काढलं. कुटुंब काँग्रेसमध्ये आलं. २०१९ मध्ये सुलभाताई पंजावर अमरावतीच्या आमदार झाल्या. ऑक्टोबर २०२४ मध्ये काँग्रेसने पक्षविरोधी कारवायांचा ठपका ठेवून त्यांना सहा वर्षांसाठी निलंबित केलं. नोव्हेंबरात त्या घड्याळावर पुन्हा आमदार. मार्च २०२५ मध्ये संजयभाऊ बिनविरोध विधान परिषदेवर गेले. आता एकाच घरात दोन्ही सभागृहं आहेत. विधेयक खालून वर न्यायचं म्हटलं तर जिनासुद्धा चढावा लागणार नाही.

नोव्हेंबर २०२४ ची ती लढत एकदा पाहण्यासारखी होती. सुलभाताई महायुतीच्या अधिकृत उमेदवार. १९९९ मध्ये डॉक्टरांनी पाडलेले जगदीश गुप्ता पंचवीस वर्षांनी भाजपचे बंडखोर म्हणून अपक्ष उभे. आणि महायुतीतलेच राणा दांपत्य प्रचाराला गुप्तांच्या बाजूने. म्हणजे एकाच लग्नाला दोन नवरदेव आणि वऱ्हाडी मात्र तेच.

रवी राणांनी या सगळ्यावर आधीच तोड काढून ठेवली होती. पक्ष बदलल्याचा ठपका कुणावर येतो? ज्याला पक्ष असतो त्याच्यावर. बडनेऱ्यातून ते २००९, २०१४, २०१९ आणि २०२४ असे चारदा निवडून आले. आधी अपक्ष, मग स्वतःच्याच युवा स्वाभिमान पक्षाचे. पक्षांतरबंदीचा कायदा सांगतो की निवडून आल्यावर अपक्षाने पक्षात प्रवेश केला तर आमदारकी जाते. प्रवेश केला तर. 'पाठिंबा' द्यायला कुठलंही कलम आडवं येत नाही. २०१९ मध्ये काँग्रेस-राष्ट्रवादीने त्यांना साथ दिली आणि निकाल लागल्यावर त्यांचा पाठिंबा भाजपला गेला. कायदा शाबूत, आमदारकीही शाबूत.

तुम्ही म्हणाल, सगळं वऱ्हाड असंच आहे काय? नाही. रेल्वेत बसा, बडनेरा, मूर्तिजापूर मागे टाका आणि अकोल्यात उतरा. तिथे गोवर्धन शर्मा होऊन गेले, सगळ्यांचे लालाजी. १९९५, १९९९, २००४, २००९, २०१४, २०१९. सहा निवडणुका, सहा विजय, एक शहर, एक कमळ. डॉक्टरांच्याही सहा आणि लालाजींच्याही सहाच. लालाजींच्या घरी दुपट्ट्यांसाठी दोरी लागली नसेल, एक खुंटी पुरली असेल.

पण निष्ठेचं फळ अकोल्याला काय मिळालं? ३ नोव्हेंबर २०२३ रोजी लालाजी गेले. निवडणूक आयोग पोटनिवडणुकीला मार्च २०२४ मध्ये जागा झाला आणि २६ एप्रिल ही तारीख दिली. उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठाने ती निवडणूकच रद्द केली. उरलेली मुदत वर्षाच्या आत असेल तर पोटनिवडणूक नाही, असं कायदा सांगतो. नवा आमदार आला असता तर त्याच्या वाट्याला जेमतेम सहा महिने आले असते. त्यामुळे अकोला पश्चिमची खुर्ची वर्षभर रिकामी राहिली. मग नोव्हेंबर २०२४ मध्ये भाजपमध्ये बंडखोरी झाली आणि २०१९ ला लालाजींकडून थोडक्यात हरलेले काँग्रेसचे साजिद खान पठाण १,२८३ मतांनी निवडून आले. एका माणसाने २८ वर्षं सांभाळलेली जागा त्याच्या माघारी पहिल्याच निवडणुकीत गेली. अमरावतीत माणसं टिकतात, चिन्हं बदलतात. अकोल्यात चिन्ह टिकलं होतं, पण ते माणसामुळे. हे पक्षाला माणूस गेल्यावर कळलं.

तेव्हा मतदार पक्षाला मत देतो की माणसाला, या चर्चासत्राचा मंडप आता उतरवायला हरकत नाही. नेत्यांनी पक्ष बदलू नये, असंही मी म्हणणार नाही. डॉक्टरांना २००९ मध्ये पक्षाने ज्या रीतीने बाजूला केलं, त्यानंतर ते घरी बसले नाहीत म्हणून त्यांना नावं कोण ठेवणार? माझी तक्रार त्या 'सहा वर्षां'बद्दल आहे.

आमदारकी पाच वर्षांची असते आणि निलंबन सहा वर्षांचं. हा आकडा कुणी ठरवला असेल तो माणूस विनोदी असला पाहिजे. आमदाराला ही शिक्षा भोगावीच लागत नाही. दुसरा पक्ष दारात उभाच असतो, आणि दुसऱ्याने काढलेला माणूस हीच तिथे पात्रता धरतात. सहा वर्षं खरोखर कोण भोगतं? वॉर्डातला पोरगा. महापालिकेला तिकीट नाकारलं म्हणून अपक्ष उभा राहतो, चारशे मतं घेतो आणि यादीत नाव लागून पक्षाबाहेर जातो. त्याच्यासाठी दुसऱ्या पक्षाचा दरवाजा उघडत नाही, कुणी हारतुरे आणत नाही. नेत्यापायी त्याने सख्ख्या चुलतभावाशी बोलणं सोडलेलं असतं. नेते दुसऱ्या निवडणुकीत एका मंचावर बसतात, चुलतभाऊ मात्र अजून पोळ्याला एकमेकांच्या दारात बैल नेत नाहीत.

मित्राला विचारलं, "तुले इतक्या वेळा दुपट्टा बदलाचा कंटाळा नाही येत?"

तो म्हणाला, "मी कुठं बदलला? मी आपला डॉक्टरच्या मागं. पक्षच मधातून येते-जाते."

बोलून चालून कार्यकर्ता. पण अमरावतीच्या या सगळ्या गोष्टीत जागचा हलला नाही असा तो आणि ते पंजावाले आजोबा, दोघंच. एकाने माणूस धरला, एकाने चिन्ह धरलं, आणि दोघांच्याही हाती काही लागलं नाही.

निघताना वहिनींनी दुपट्टे काढून घड्या घातल्या. तिरंगी वर, बाकीचे खाली. मी म्हटलं, खालचे आता देऊन टाका कुणाला तरी.

"काहून देऊ जी?" वहिनी म्हणाल्या. "कापड चांगलं हाय."

नोंद असावी म्हणून लिहून ठेवतो. सुलभाताईंचं काँग्रेसमधलं निलंबन ऑक्टोबर २०३० ला संपतं. विधानसभेची पुढची निवडणूक २०२९ ला आहे.