समुद्रात हरवलेल्या बावीस गाठी

आकडेवारीचे आंतरराष्ट्रीय सुसूत्रीकरण, म्हणजे निरनिराळ्या देशांचे आकडे एकाच मापात व एकाच वर्षात बसवून तुलनेस योग्य करणे, हे शास्त्र किती पुढे गेले आहे याची प्रचिती जालना जिल्ह्यातील कापसाच्या गाठीइतकी अन्य कशातही येत नाही. अंबड-घनसावंगीच्या शिवारातील कापूस क्विंटलने विकला जातो. जिनिंगमध्ये सरकी निघाली की सुमारे एक तृतीयांश वजनाची रुई उरते आणि साधारण पाच क्विंटल कापसाची १७० किलोंची एक गाठ दाबली जाते. रुईचा भाव मात्र खंडीवर, म्हणजे सुमारे ३५६ किलोंवर ठरतो, जेणेकरून गाठ आणि भाव यांची कधी भेट होऊ नये.

जागतिक तक्त्यातील गाठ ४८० पौंडांची, म्हणजे जवळपास २१८ किलोंची असते. त्यामुळे जालन्याच्या शंभर गाठी तक्त्यात पोचेपर्यंत अठ्ठ्याहत्तर होतात, आणि उरलेल्या बावीस चोरीला गेल्या नाहीत, भिजल्या नाहीत की जळाल्या नाहीत, याविषयी तज्ज्ञांत पूर्ण एकमत असते. पूर्वी एवढी गळती साधायला गोदामरक्षकाला निम्मी नोकरी खर्ची घालावी लागे. वर्षाचेही तसेच. भारतात १ ऑक्टोबरला सुरू होणारे कापूस-वर्ष जागतिक हिशेबात १ ऑगस्टलाच उजाडते, तेव्हा भोकरदनच्या रानात कपाशीला पाते-फुले लागलेली असतात आणि शेतकरी युरियाच्या रांगेत असतो. तरीही आरंभीचा साठा, म्हणजे मागील वर्षाची शिल्लक रुई, त्याच दिवशी मांडणे भाग असल्याने ऑगस्ट-सप्टेंबर हे महिने एकाच वेळी जुनेही ठरतात आणि नवेही, आणि हिशेब जुळेनासा झाला की तफावतीसाठी वेगळा रकाना आखला जातो. रकाना भरला की तफावत मिटते.

गुणाकाराने हे सारे निस्तरते. निस्तरत नाही तो कडता. गावखरेदीत कधी ओलावा, कधी कवडी म्हणजे डागी कापूस, कधी पोत्याचे वजन अशी कारणे सांगत क्विंटलमागे किलो-दोन किलो कापण्याची ही रीत आहे. काट्यावर १०२ किलो भरलेला कापूस पावतीवर १०० होतो. पण उत्पादनाचा अंदाज दाबलेल्या गाठींवरून बांधला की ते दोन किलो देशाच्या आकड्यात बिनचूक हजर असतात, फक्त ज्याने ते पिकवले त्याच्या हिशेबात नसतात. गाठीच्या व्याख्येवर परिषदा भरतात, आणि कडता ही तर उघड लूट आहे, जिला मापाची अडचण कधीच आलेली नाही: ती किलोत होते, सगळ्यांसमक्ष होते आणि त्याच दिवशी पुरी होते.