ज्यांचं टाकं कधीच भरत नाही

नागपूरहून काटोलच्या रस्त्याला लागलं की कळमेश्वर येतं. एका अंगाला एमआयडीसी, दुसऱ्या अंगाला दिल्लीहून चेन्नईकडे धावणारी रेल्वे, आणि कालपरवापर्यंत जिथं पऱ्हाटी नि संत्री होती तिथं आता ले-आउट. शेताचे प्लॉट पडले, प्लॉटवर घरं उठली, घरात संडास आले. गटारलाइन मात्र ले-आउटच्या नकाशातच राहिली. तिची उणीव ज्यांनी एकट्याच्या अक्कलहुशारीनं भरून काढली, ते आमचे काकाजी.

काकाजी एक नाहीत. प्रत्येक ले-आउटात एक असतातच. कुठल्याशा खात्यातून निवृत्त, अंगात बंडी, हातात रबरी पाइप, आणि सकाळी सातपासून फाटकासमोरच्या रस्त्याला पाणी पाजण्याचं व्रत. नवा माणूस घर बघायला आला तर इतर लोक त्याला बैठक दाखवतात, देवघर दाखवतात. काकाजी पोर्चमध्येच थांबवतात आणि टाचेनं फरशी ठोकून म्हणतात, "याच्याखाली टाकं हाय. दहा बाय आठ, खोली आठ फूट. सतरा वर्षं झाले, एकडाव उपसलं नाई. भरतच नाई बाप्पा!"

पाहुणा थक्क होतो. त्याच्या घरचं दोन-तीन वर्षांत तुंबतं. तो काकाजींकडून मिस्त्रीचा नंबर घेतो, आणि अशा रीतीनं हा रोग पुढच्या ले-आउटात जातो.

खरं म्हणजे सेप्टिक टँक भरलेलंच असायला हवं. काठोकाठ भरलेल्या रांजणात तांब्या ओतला की तांब्याभर पाणी बाहेर सांडतं, तसंच याचं काम. जड गाळ तळाशी बसतो, तेलकट साय वर तरंगते, मधलं पाणी दुसऱ्या कप्प्यातून आउटलेटनं शोषखड्ड्यात जातं. गाळातलं जेवढं जिवाणूंना पचतं तेवढं ते पचवतात. उरलेला दोन-तीन वर्षांनी उपसायचा. एवढंच शास्त्र. त्याला पाच माणसांच्या घरी हजार-अकराशे लिटरचं टाकं बहुधा पुरतं. काकाजींचं अठरा हजारांचं. घरात माणसं पाच. नुसत्या संडासाचं माणशी चाळीस लिटर धरलं तरी दिवसाला दोनशे, म्हणजे तीन महिन्यांत ते काठोकाठ व्हायला हवं. सतरा वर्षांचा हिशेब बारा लाख लिटरच्या वर जातो. हे बारा लाख लिटर गेले कुठं, हा प्रश्न काकाजींनी आयुष्यात स्वतःला विचारलेला नाही. पगारातून कापलेल्या नव्या पैशाचा हिशेब मागण्यासाठी खात्याला अकरा पत्रं लिहिणारा हा माणूस!

गुपित साधं होतं. बांधताना मिस्त्री कानाशी लागला होता, "काकाजी, तळाले काँक्रीट कायले टाकता? खाली मुरूम लागला हाय, खुलं ठेवा. सिमेंटही वाचते, कटकटही." काकाजींनी दोन्ही वाचवलं. म्हणजे त्यांनी टाकं बांधलंच नव्हतं. चार भिंतींची मोठी विहीर बांधली होती, जी वरून भरायची आणि खालून रिकामी व्हायची.

आता, त्याच प्लॉटवर बोअरही आहे. वास्तुशास्त्राप्रमाणे पाणी ईशान्येला आणि सेप्टिक टँक वायव्येला. काकाजी शास्त्राबाहेर जात नाहीत. प्लॉट तीस बाय पन्नास, उत्तरेची बाजू तिसाची; म्हणजे दोघांत अंतर तीस फुटांपेक्षाही कमी. भारतीय मानक 2470 मात्र म्हणतं, की शोषखड्डा पिण्याच्या पाण्यापासून किमान 18 मीटर, म्हणजे 59 फूट दूर हवा. तीस-पन्नासच्या प्लॉटचा कर्ण मोजा, 58 फूट भरतो. एक वस्तू या कोपऱ्यात आणि दुसरी तिरप्या कोपऱ्यात ठेवली तरी नियम फूटभर हुकतो. आणि त्या कोपऱ्याला भिंतीपलीकडे शेजाऱ्याचा बोअर असतोच. वरची काळी माती पाणी लवकर सोडत नाही, पण तिच्याखालचा मुरूम आणि भेगाळलेला बेसाल्ट सोडतो. पाण्याला प्लॉटची हद्द कळत नाही, सातबारा तर मुळीच वाचता येत नाही.

शेजारच्या वहिनी शाळेत विज्ञान शिकवतात. त्यांच्या बोअरच्या पाण्याला वास यायला लागला तेव्हा त्यांनी पाणी तपासायची एचटूएसची बाटली आणली. त्यात पाणी भरून ठेवायचं. एक-दोन दिवसांत काळं पडलं तर पाण्यात मैल्याचे जंतू असल्याचा दाट संशय. पाणी शाईसारखं झालं. वहिनी बाटली घेऊन फाटकाशी आल्या.

"काकाजी, हे पाहा."

"बाटली जुनी असन."

"काल आणली."

"मंग उन्हात ठेवली असन. तुमच्या बोअरचंच पानी खराब हाय, वहिनी. आमच्याकडं असं होत नाई."

"हे तुमच्याच बोअरचं आहे. काकूजींनी भरून दिलं."

काकाजींनी पाइपचं तोंड दुसऱ्या बाजूला वळवलं. पुढच्या आठवड्यात त्यांच्या स्वयंपाकघरात आरओ लागला. "पोरानं पाठवला, मले काई गरज नोती," असं त्यांनी न विचारता चार घरी सांगितलं.

टाक्याच्या आरोग्यासाठी काकाजींचे स्वतःचे उपचार आहेत. शनिवारी ताकात कालवलेला गूळ ओततात, म्हणजे जिवाणू धष्टपुष्ट होतात. रविवारी काकूजी संडास घासतात आणि ॲसिडची अर्धी बाटली त्याच जिवाणूंच्या डोक्यावर जाते. वास्तविक जिवाणूंना गुळाची गरज नसते. त्यांचा शिधा घरातली माणसं रोज पुरवतात. त्यांना पचत नाही ते प्लास्टिक. आणि नागपूर जिल्ह्यात माणूस सुपारी-तंबाखूचा खर्रा खातो, तेव्हा त्याची पन्नी कुठंतरी टाकतोच. काकूजींनी घरात खर्रा बंद केल्यापासून काकाजींना तो खायला एकच जागा उरली होती, आणि पन्नीचा पुरावा नाहीसा करायला एकच भोक.

पंप हे काकाजींचं दुसरं राज्य. समोरचा रस्ता दर निवडणुकीला एकेक थर उंच होत गेला आणि काकाजींचं घर न हलता खाली गेलं. न्हाणीघराचं पाणी नालीत चढेना. म्हणून अंगणात हौद, हौदावर मोनोब्लॉक. मेकॅनिकनं फ्लोट लावायला सांगितला होता. पाणी चढलं की मोटार आपोआप चालू, उतरलं की बंद. "फ्लोटचे पैसे कायले? मी हाओ ना!" काकाजी म्हणाले, आणि तेव्हापासून ते स्वतःच घरचा फ्लोट आहेत. सून न्हायला गेली की बाहेरून हाक येते, "झालं का? चालू करू का?" व्होल्टेज पडलं की कपॅसिटर जातो आणि मोटार नुसती हूं हूं करते. मग काकाजी काडीनं पंखा फिरवून देतात. फिरली तर "पाह्यलं?", नाही फिरली तर "फुटबॉलमधी", म्हणजे फूट-व्हॉल्व्हमध्ये, "कचरा अडकला." दुपारी डोळा लागला की पंप कोरडा चालतो, वाइंडिंग जळतं. दोन वाइंडिंगच्या पैशात फ्लोट, नवा कपॅसिटर आणि स्टार्टरचं ओव्हरलोड एवढं सगळं आलं असतं. पण मग काकाजींनी दिवसभर करायचं काय?

गेल्या पोळ्याला मात्र सगळंच फिरलं. पावसानं झोडपून काढलेलं. काळी माती फुगून गच्च, भूजल वर आलेलं. तान्ह्या पोळ्याला नातवाचा लाकडी बैल पुजायला मुली, जावई, चिल्लीपिल्ली असा सगळा गोतावळा जमलेला. दुपारच्या पंगतीनंतर मोठे जावई आत गेले आणि लगबगीनं बाहेर आले. संडास गुडगुडत होता. थोड्या वेळानं आतून उत्तर आलं. ज्या मोकळ्या तळातून सतरा वर्षं पाणी खाली गेलं, त्याच तळातून आता जमिनीचं पाणी वर आलं होतं. न भरणारं टाकं खालून भरलं. नागपुरात त्याच दिवशी लोक मारबत काढून रोगराई गावाबाहेर घालवतात. काकाजींच्या घरी ती उलट पावली अंगणात आली.

काकाजी डगमगले नाहीत. "नाक्यावरून एखादं पोरगं बलावा. पाचशे देऊन टाकू, उतरन थो खाली."

"आधी तुम्ही उतरा," काकूजी म्हणाल्या. त्यांचा आवाज एवढा चढलेला कोणी ऐकला नव्हता.

त्या बरोबर होत्या. टाक्यात हायड्रोजन सल्फाइड साचतो. थोडा असला तर सडक्या अंड्यासारखा वास येतो. फार असला तर तो नाकाची वास घेण्याची ताकदच मारतो आणि माणूस दोन श्वासांत कोसळतो. त्याला काढायला उतरलेला दुसराही. 2013च्या कायद्यानं सुरक्षेची साधनं न देता कुणालाही टाक्यात उतरवणं गुन्हा ठरवलं. पहिल्याच वेळी दोन वर्षांपर्यंत कैद किंवा दोन लाखांपर्यंत दंड, किंवा दोन्ही. 2023मध्ये सर्वोच्च न्यायालयानं अशा मृत्यूची भरपाई दहा लाखांवरून तीस लाख केली. तरीही माणसं मरतात, कारण प्रत्येक ले-आउटात कोणीतरी पाचशे रुपये काढतो. काकाजींच्या बैठकीत गाडगेबाबांचा फोटो आहे. त्या दिवशी त्यांनी फोटोकडे पाहायचं टाळलं.

गाडी बोलावण्याचा मान वहिनींनी घेतला. व्हॅक्यूमचा टँकर फाटकाशी लागला तसं अख्खं ले-आउट गच्चीवर आलं. ड्रायव्हरनं पाइप खांद्यावर घेत विचारलं, "झाकण कुठं हाय?"

काकाजी पोर्चमध्ये गेले. टाचेनं ठोकलं. "इथं." फरशी फोडली, खाली माती. "म्हंजे इकडं." तिथंही माती. नवी टाइल बसवताना काकाजींनी झाकणही झाकून टाकलं होतं. जे कधी उघडायचंच नाही, त्याची खूण कशाला ठेवायची? शेवटी काकूजींनी वास्तुपूजनाचा अल्बम आणला. एका फोटोत भटजी, काकाजी आणि फेटेवाले मिस्त्री त्या लोखंडी झाकणावरच ऐटीत उभे होते, मागे मांडवाचा खांब. त्या खांबावरून माप काढलं आणि तिसऱ्या टाइलखाली झाकण सापडलं.

टँकरच्या पाइपात सर्वांत आधी अडकली ती खर्र्याची पन्नी. मग दुसरी. मग एक मोठा गुंता. काकूजी काहीच बोलल्या नाहीत. फक्त मोजत राहिल्या.

पाऊस सरल्यावर तळाला काँक्रीट पडलं, आतून प्लास्टर झालं, मधली भिंत उठली, आउटलेटला टी बसला, बोअरपासून सर्वांत दूरच्या कोपऱ्यात मुरमापर्यंत शोषखड्डा खणला. नियमाला एक फूट कमी पडला, तो काकाजींनी नियमाला माफ केला. तीन महिन्यांनी त्यांचा मिस्त्रीला घाबरून फोन, "अरे, भरलं ना बाप्पा!" पलीकडून शांत उत्तर आलं, "भरायलेच बांधलं, काकाजी."

काकाजींना खरी बोच लागली ती गाडीची. दारात टँकर उभा राहणं म्हणजे घरात काहीतरी बिघडल्याची दवंडी. साताऱ्याकडच्या वाईनं यावर 2018पासून नामी उपाय केला आहे, नाशिकच्या सिन्नरनंही. तक्रारीची वाट न बघता गाडी तीन वर्षांत पाळीपाळीनं प्रत्येक घरी जाते, पैसे करातून. सगळ्यांच्याच दारी आली की कुणाच्याच अब्रूचा प्रश्न उरत नाही.

कळमेश्वरच्या ले-आउटात अशी पाळी सुरू झाली, तर काय होईल ते वहिनींना पाठ आहे. पहिल्या सभेत काकाजी उभे राहून विरोध करतील. दुसऱ्या सभेत दुरुस्ती सुचवतील. तिसऱ्या सभेत समितीचे अध्यक्ष होतील, आणि हातातल्या रबरी पाइपानं दिशा दाखवत ड्रायव्हरला बजावतील, "पयले माह्या घरी लाव. झाकण कुठं असते ते या ले-आउटात माह्याशिवाय कोनालेच माहीत नाई."